एका कोंबडीसाठी?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. तपकिरी, बुटका, कोंबडीसारखा दिसणारा एक पक्षी आणि खाली ठळक अक्षरांत प्रश्न : ‘एका कोंबडीसाठी देशाची सुरक्षा अडवायची का?’ पाचच मिनिटांत मावसबहिणीने हिरव्या-निळ्या झळाळत्या पिसांचा दुसराच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘या सुंदर जिवाला मारणार तुम्ही?’ तो फोटो निकोबारी कबुतराचा होता. भांडण ज्याच्यावरून चाललं होतं तो पक्षी म्हणजे निकोबारी मेगापोड, आणि तो खरोखरच कोंबडीसारखा दिसतो. म्हणजे त्याची टिंगल करणाऱ्यांनी निदान फोटो तरी बरोबर लावला होता. पुढे तासभर एका बाजूने चीन आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन असं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी गुलाबाची फुलं पाठवली आणि विषय मिटला.

ग्रेट निकोबारबद्दलची बाहेरची, जाणत्या माणसांची चर्चा याहून फार वेगळी नाही. बेटाच्या दक्षिणेला गॅलेथियाच्या उपसागरात मालाची जहाजं बदलण्याचं प्रचंड बंदर, शेजारी विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर उभारायचं आहे. मंजुरीच्या वेळचा खर्चाचा अंदाज ७२,००० कोटी रुपयांचा. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवलं जाणार. विरोध केला की ‘देशद्रोही’, पाठिंबा दिला की ‘निसर्गाचे मारेकरी’. मला वाटतं, दोन्ही बाजू नंतरच्या प्रश्नावर भांडताहेत. बंदर हवं की पक्षी हवा, हा नंतरचा प्रश्न. आधीचा असा, की एखाद्या जिवाला कायद्याने संरक्षण दिलं आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय दिलेलं असतं? ती जागा कुणालाच नको असते तोवरच जे टिकतं, त्याला संरक्षण कसं म्हणायचं? हा कायदा कधीच मोडू नये असं मी म्हणत नाही. मोडावा लागेल तेव्हा मोडावा, पण मोडताना आवाज झाला पाहिजे. गॅलेथियात तो झाला नाही.

आधी पक्षी बघू, कारण त्याच्या सवयीतच सगळी मेख आहे. मेगापोड अंड्यावर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत तो पायांनी वाळू, पालापाचोळा, प्रवाळाचा चुरा ओढून ओढून ढिगारा रचतो. हा ढिगारा कधी माणसाच्या कमरेपेक्षा उंच आणि काही मीटर रुंद असतो. आत पाला कुजतो, ऊब धरतो आणि त्या उबेवर अंडं पिकतं. सत्तर-ऐंशी दिवसांनी पिल्लू स्वतःच माती उकरून बाहेर येतं, अंगावर पिसं घेऊनच. आई-बाप समोर असले तरी त्याला ओळखत नाहीत. एकच ढिगारा वर्षानुवर्षं वापरला जातो, कधी अनेक जोड्यांकडून. गोठ्यामागचा उकिरडा आतून किती गरम असतो हे ज्याने हात घालून पाहिलं आहे, त्याला हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. उकिरडा एक वेळ दुसरीकडे हलवता येतो. हा ढिगारा मात्र किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यातच, विशिष्ट वाळूत आणि विशिष्ट सावलीतच चालतो.

आता कायदा. मेगापोड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. या कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार कुणी वाचत नाही. तिच्यात बंदूक चालवणं आहेच, पण पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही आहे. ढिगारा हेच ज्याचं घरटं, त्याच्या बाबतीत जेसीबीचं पहिलं फावडं ही कायद्याच्या भाषेत शिकार ठरू शकते. शिवाय गॅलेथियाच्या उपसागराला १९९७ पासून अभयारण्याचा दर्जा होता, साडेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. अभयारण्यातला अधिवास नष्ट करायला किंवा वळवायला कलम २९ परवानगी देत नाही. अपवाद एकच, तो बदल वन्यजीवांच्याच भल्यासाठी असेल तर. कंटेनरचं बंदर मेगापोडच्या भल्यासाठी आहे, असं म्हणायचं धाडस कुणीही केलं नसतं.

मग काय केलं? ५ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ते अख्खं अभयारण्यच अधिसूचनेतून काढायला संमती दिली. भाडेकरूला घरातून काढता येत नाही असा कायदा आहे, तर ते घरच नव्हतं असा दाखला आणायचा, त्यातला हा प्रकार. नियम कुठेच मोडला गेला नाही, हेच मला सर्वांत जास्त खटकतं. गंमत अशी, की त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राने सागरी कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात हाच गॅलेथियाचा किनारा लेदरबॅक कासवांच्या विणीची महत्त्वाची जागा म्हणून नोंदवला. एका टेबलावर जागा मोलाची, शेजारच्या टेबलावर मोकळी.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्याची हद्द बदलायची तर राज्याच्या विधिमंडळात ठराव करावा लागे. ठराव म्हटला की भाषणं आली, विरोधी बाकांवरचा गोंधळ आला, दुसऱ्या दिवशीची बातमी आली. २००२ च्या दुरुस्तीने विधिमंडळाच्या जागी राष्ट्रीय मंडळाची शिफारस आणली. कागदावर हे सुधारल्यासारखं दिसतं. स्थानिक आमदारांच्या दबावातून निर्णय सुटला आणि तज्ज्ञांकडे गेला, असा युक्तिवाद तेव्हा करता येत होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आणि स्थायी समितीचे अध्यक्ष पर्यावरणमंत्री. ज्या सरकारला प्रकल्प हवा, त्याच सरकारने त्यातली अडचण दूर करायची की नाही ते ठरवायचं. अंदमान-निकोबारला तर विधानसभाच नाही, म्हणजे जुन्या पद्धतीतही तिथे आवाज करायला कुणी नव्हतं.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा येतो. तो चीनबद्दलचा नाही. तो सोलापूरचा आहे.

नान्नजला मी गेलो होतो तेव्हा माळढोक दिसला नाही. काळवीट दिसले, वाऱ्यावर झुकलेलं कुसळी गवत दिसलं आणि चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटले. ते म्हणाले, “आमच्या सात-बाऱ्यावर पक्षी बसलाय. उठवायला कुठं अर्ज करायचा ते सांगा.” मी हसलो, ते हसले नाहीत. १९७९ मध्ये माळढोकसाठी जे अभयारण्य जाहीर झालं त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात होते. करमाळ्यासारखं गाव, बाजारपेठा, साखर कारखान्यांचा ऊस, सगळं कागदावर पक्ष्याचं घर. जमीन विकायची, एनए करायची, एखादा कारखाना काढायचा तर मधे वनखातं. पक्षी त्यातल्या बहुतेक जागी कधी पाऊलही टाकत नसे. त्यामुळे माणसं कायद्याला कंटाळली आणि पाठोपाठ पक्ष्यालाही. पुढे समित्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोकला त्याने वाचवलं असं म्हणता येत नाही. नान्नजला आज तो शोधावाच लागतो.

मग कुणी विचारेल, सोलापुरात सात हजार चौरस किलोमीटर वगळलेले चालले आणि निकोबारात अकरा वगळले तर एवढा गहजब कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर क्षेत्रफळात नाही. सोलापुरात जे वगळलं ते बहुतांशी पक्षी नसलेलं होतं आणि ते वगळायला वर्षानुवर्षं लागली. त्या वर्षांत शेतकरी बोलले, पक्षितज्ज्ञ बोलले, न्यायालयाने विचारलं. गॅलेथियात जे वगळलं ती नेमकी पक्ष्याची जागा होती. प्रकल्पासाठीच झालेल्या पाहणीत तिथे ५१ वापरातले ढिगारे नोंदले गेले आणि त्यातले ३० च्या आसपास कायमचे जातील, असं प्रकल्पाच्याच कागदपत्रांनी मान्य केलं. एकीकडे सैल अंगरखा बेतून अंगाबरोबर आणला, दुसरीकडे माप घेतलं आणि अंगावरचाच काढून घेतला.

आता चीन. माझे मामा नौदलात होते. ऐंशीच्या दशकात त्यांचं जहाज ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेला लागायचं. सुरक्षेचा मुद्दा कुणी हसण्यावारी नेला की ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. नकाशा काढून बघा. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आपलं हे बेट उभं आहे. जगाच्या व्यापाराचा मोठा हिस्सा त्याच्या नजरेसमोरून जातो. शिवाय भारताचा जहाजबदलीचा बहुतांश माल आजही कोलंबो, सिंगापूर, क्लांग इथे हाताळला जातो आणि ते पैसे बाहेर जातात. हे सगळं खरं आहे. एवढं मान्य न करता जो या प्रकल्पावर बोलतो, त्याचं पुढचं कुणी ऐकू नये.

पण मामांनाच मी विचारलं, की नौदलाला लागतं काय? धावपट्टी, जेट्टी, रडार, इंधन, माणसं. कॅम्पबेल बेला आयएनएस बाझ हा नौदलाचा हवाई तळ २०१२ पासून आहेच. तो वाढवा म्हटलं तर किती पक्षिप्रेमी रस्त्यावर येतील? प्रकल्पातली बरीचशी जमीन मात्र नगरासाठी आहे. आज आठ-नऊ हजार माणसं असलेल्या बेटावर पुढच्या काही दशकांत साडेतीन लाखांची वस्ती, पर्यटन, व्यापार असं ते चित्र आहे. मलाक्कावर नजर ठेवायला पंचतारांकित हॉटेल लागत नाही. सुरक्षा हे कारण जिथे लागू आहे तिथे ते वजनदारच आहे. इथे मात्र ते छत्रीसारखं वापरलं गेलं. खाली संरक्षणही उभं, बंदरही उभं, नगरही उभं, आणि पाऊस कुणावरच पडत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मंजुऱ्या पुन्हा तपासायला उच्चाधिकार समिती नेमली. तिचा अहवालही याच छत्रीखाली गेला, गोपनीय म्हणून.

आणि सुरक्षा व पक्षी यांचं नातं इतिहासात एकदा फार वाईट पद्धतीने जुळलेलं आहे. प्रशांत महासागरातलं ग्वाम बेट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा मोठा लष्करी तळ झालं. त्या काळात, बहुधा लष्करी मालाच्या पेट्यांमधून, न्यू गिनीच्या बाजूचा एक तपकिरी झाडसाप बेटावर उतरला. त्याने एकही गोळी न झाडता तिथल्या बारा देशी वनपक्ष्यांपैकी दहा संपवले. पक्षी का नाहीसे होताहेत हे कळायलाच ऐंशीचं दशक उजाडलं. लोक कीटकनाशकांवर, रोगांवर संशय घेत बसले होते. पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं १९८४ मध्ये, तेव्हा त्यातले कित्येक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तिथल्या खंड्याचे शेवटचे पक्षी पिंजऱ्यात नेले म्हणून ती जात आज आहे तरी. ग्वाममध्ये असले साप नव्हते आणि निकोबारात साप आहेत, म्हणून तेच घडेल असं मी म्हणत नाही. पण उंदीर, मांजरं आणि कुत्री कुठल्याही बंदराबरोबर फुकट येतात. जमिनीवर पालापाचोळ्यात अंडी पुरणाऱ्या आणि पिल्लांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या पक्ष्यासाठी गावठी कुत्रं म्हणजे काय, हे समजायला संशोधन लागत नाही. ढिगारे तीस जातील की एकावन्न, या हिशेबात हे कुत्रं धरलेलंच नाही.

‘पण पक्षी संपणार थोडाच आहे? तो इतर बेटांवर आहे, आणि आम्ही त्याला बदली जागा देतोय.’ हा मुद्दाही ऐकून घेण्यासारखा आहे. मेगापोड नानकौरी गटातही आहे, लिटल निकोबारवरही आहे. ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बे आणि गॅलेथिया अशी दोन राष्ट्रीय उद्यानं १९९२ पासून आहेत आणि ती कुणी रद्द केलेली नाहीत. २०२२ मध्ये मेंचाल नावाच्या १.२९ चौरस किलोमीटरच्या बेटावर मेगापोड अभयारण्यही जाहीर झालं. हिशेब पूर्ण.

हिशेब वहीत पूर्ण होतो. राष्ट्रीय उद्यानं मुख्यतः आतल्या डोंगराळ जंगलात आहेत आणि मेगापोडला किनारा लागतो. एखाद्या कोळ्याला पुनर्वसनात चाळीसगावला घर देण्यासारखंच हे. किनाऱ्याचं काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. २००४ च्या त्सुनामीने निकोबारचे किनारे खरवडून काढले, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली. दोन वर्षांनी झालेल्या पाहणीत मेगापोडचे ढिगारे नव्वदच्या दशकातल्या मोजणीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी भरले. ग्रेट निकोबारच्या पश्चिमेला ‘मेगापोड आयलंड’ नावाचं चिमुकलं बेट होतं. तेही अभयारण्यच होतं, पक्ष्याच्याच नावाचं. ते पाण्याखाली गेलं. अशा ठिकाणी सव्वा चौरस किलोमीटरचं एक बेट हातात देऊन ‘घे, हे तुझं’ म्हणणं, आणि उरलेल्या चांगल्या किनाऱ्यांतला एक काढून घेणं, याला बदली जागा म्हणत नाहीत. (तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून हरियाणात झाडं लावायची असंही ठरलं. त्यावर मी काही लिहीत नाही. वाचकांनी नकाशा बघावा.)

आणि मेंचाल कुणाचं? हा प्रश्न पक्षिप्रेमींनी विचारायला हवा होता, पण आमच्यातले बरेचजण नवं अभयारण्य म्हटल्यावर टाळी वाजवून मोकळे झाले. निकोबारी माणसं मेंचाल, मेरो ही बेटं आपल्या वाडवडिलांची मानतात. त्यांच्या परंपरागत बेटांवर त्यांना न विचारता अभयारण्यं जाहीर झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकल्पाला दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं. सात-बाऱ्यावर पक्षी बसवण्याची सोलापूरची चूक आपण सुमारे चौदाशे मैल लांब, त्याहून दुबळ्या माणसांवर केली. आणि तीही भरपाई म्हणून.

यातली खंत अशी, की मूळ कायदा निकोबारच्या बाबतीत एकेकाळी फार शहाणा होता. वन्यजीव कायद्याच्या कलम ६५ मध्ये निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा उल्लेख नाव घेऊन आहे. १९६७ च्या अधिसूचनेने त्यांना मिळालेल्या शिकारीच्या हक्कांना या कायद्याने बाधा येणार नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे १९७२ मध्ये दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं, की पोटासाठी चार अंडी उकरणारा निकोबारी आणि किनारा सपाट करणारी यंत्रणा या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. मामा सांगतात, त्यांनी तिथे मेगापोडचं अंडं खाल्लेलं आहे. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं, लांबट. फोडलं तर पांढरं नावाला आणि सगळा पिवळा बलक. “ऑम्लेट केलं तर हळद घातल्यासारखं.” हा बलक उगाच नसतो. पिल्लाला आतच पूर्ण वाढून, माती उकरून बाहेर यायचं असतं, त्याची ती शिदोरी. पिढ्यान्‌पिढ्या ही अंडी खाऊनही निकोबाऱ्यांनी पक्षी संपवला नाही.

मग मोडताना आवाज होणारा कायदा म्हणजे कसला? याचं एक उदाहरण आहे, आणि ते माझ्या बाजूला पूर्ण सोयीचं नाही म्हणूनच मला आवडतं. अमेरिकेत १९७८ मध्ये स्नेल डार्टर या बोटाएवढ्या माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ बांधून झालेलं टेलिको धरण थांबवलं. देश हादरला. आपल्यासारखेच प्रश्न विचारले गेले, ‘एका माशासाठी?’ तेव्हा तिथल्या संसदेने कायद्यात पळवाट ठेवली, पण उजेडातली. सात जणांची एक समिती, जिला लोक ‘गॉड स्क्वॉड’ म्हणू लागले. तिने पर्याय तपासायचे, कारणं लिहायची आणि सातातल्या पाचांनी हो म्हटलं तरच सूट द्यायची. समिती बसली आणि तिने एकमताने सूट नाकारली, का, तर धरण पैशाच्या हिशेबातही परवडणारं नव्हतं. मासा राहिला बाजूला, अर्थशास्त्रच आडवं आलं. मग संसदेने १९७९ मध्ये एका खर्चाच्या विधेयकाच्या शेपटीला सूट बांधली आणि धरण पूर्ण केलं. पुढे हा मासा इतर नद्यांत सापडला, २०२२ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेरही आला, आणि आता तर तो वेगळी जात नव्हताच असं काही संशोधक म्हणू लागले आहेत. विरोधकांनी खुशाल हसावं. पण त्या सगळ्या भानगडीत एक गोष्ट कायमची नोंदली गेली. धरण कशासाठी होतं, कुणाला हवं होतं आणि त्याचा हिशेब जुळत होता की नाही, हे आज कुणीही उघडून वाचू शकतो. संसदेने मागच्या दाराने सूट दिली हेही लपलं नाही. मागचं दार आहे हे सगळ्यांना दिसलं, ते समोरचं दार उघडं होतं म्हणूनच.

आपल्याकडे असं काही कधीच झालं नाही असं नाही. अंदमान समुद्रातल्या नारकोंडमवर एक धनेश आहे. जगात फक्त त्याच बेटावर, आणि बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. या पक्ष्याची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये करणारे गृहस्थ म्हणजे ॲलन ह्यूम, तेच, बारा वर्षांनी काँग्रेस स्थापन करणारे. तटरक्षक दलाला तिथे रडार हवं होतं. २०१२ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी नकार दिला, आणि निदान काही काळ तरी रडार दुसरीकडे बसवता येईल का, यावर देशात बोललं गेलं. २०१४ मध्ये सरकार बदललं आणि परवानगी मिळाली. दोन्ही निर्णयांपैकी बरोबर कोणता यावर वाद होऊ शकतो. मला बोचतं ते हे, की मधल्या दोन वर्षांत पक्षी बदलला नव्हता, बेट बदललं नव्हतं, कायदाही बदलला नव्हता. फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला होता.

‘कायद्याने पक्षी वाचतात कुठे?’ असं शेवटी कुणीतरी म्हणतंच. हवाईतला पालिला घ्या. मौना केआ पर्वतावरच्या ‘मामाने’ नावाच्या झाडांच्या शेंगांवर जगणारा हा पक्षी १९७९ मध्ये खटला जिंकला. वादींच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं. सरकारनेच शिकाऱ्यांसाठी पाळलेल्या रानमेंढ्या आणि बकऱ्या ती झाडं खाऊन टाकत होत्या. अधिवास उजाड करणं म्हणजेच पक्ष्याला इजा करणं, हे न्यायालयाने मानलं. १९८८ च्या निकालात तर न्यायाधीशांनी त्याने स्वतःच्या पंखांवर न्यायालयात येण्याचा हक्क मिळवल्याचं कौतुकही केलं. एवढं होऊन गेल्या दोन दशकांत पालिला हजारांवरून काही शेकड्यांवर आला. दुष्काळ पडले, मेंढ्या पुरत्या हटल्या नाहीत, कुंपणं रखडली. आणि ज्या व्याख्येवर हा पक्षी उभा होता, ती रद्द करण्याचा प्रस्ताव एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मांडला. मान्य, निकालाने मेंढ्या आपोआप उतरत नाहीत डोंगरावरून. पण या उदाहरणातून ‘कायदा नको’ असं निघत नाही. मेंढ्या का हटल्या नाहीत, हे विचारायला पुन्हा पुन्हा न्यायालयात जाता आलं ते कायद्यामुळेच. गॅलेथियाचं अभयारण्यच उरलं नाही, तर तिथल्या ढिगाऱ्यांबद्दल कुणी कुठल्या कलमाखाली विचारायचं? अनुसूची आहे, शिकारीची व्याख्या आहे, साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकाला तक्रार करू देणारं कलम ५५ आहे. वकिलांनी त्यावर जरूर डोकं चालवावं. पण जागेचं संरक्षण काढून घेतल्यावर जिवाचं संरक्षण म्हणजे गाव उठवून मतदारयादी जपणं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अभयारण्य काढायचं तर प्रकल्प हवा असलेल्या मंत्रालयापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र माणसांसमोर ते मांडावं लागावं. दुसरी कुठली जागा पाहिली आणि ती का नको, हे लिहावं लागावं. तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या भाषेत नोंदलं जावं. आणि अंदमानला विधानसभा नसेल तर संसदेत ठराव यावा. तेवढा वेळ लागेल, हो. २०२१ मध्ये एवढं झालं असतं तर कदाचित आज बंदर उभंही राहत असतं, थोडं इकडे किंवा तिकडे, आणि मामांना आणि मावसबहिणीला भांडायला निदान एकच कागद मिळाला असता.

हे सगळं मी मामांना वाचून दाखवलं. “संसदेत कुठे न्यायचं रे सगळं,” ते म्हणाले. “यात काही गोष्टी खरंच गुप्त असतात.” मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले. त्यांच्या जहाजावर एक कोठार होतं. ते उघडायचं तर वहीत वेळ लिहायची, कारण लिहायचं आणि दोघांच्या सह्या लागत. कॅप्टन असला तरी.

“आणि कारणच गुप्त असेल तर?” मी विचारलं.

“तर वही गुप्त ठेवायची,” मामा म्हणाले. “रकाना कोरा नाही ठेवायचा.”